स्पोर्ट्स इन्फर्मेशनमधली पहिली नोकरी : जर्नालिझमवाल्यांनो, या चुका टाळा

अमेरिकेत कॉलेजच्या खेळांसाठी एक वेगळं ऑफिस असतं, स्पोर्ट्स इन्फर्मेशन म्हणतात त्याला. आपल्याकडे असं काही नसल्यामुळे घरी समजावून समजावून मी थकले, शेवटी आई सगळ्यांना सांगायला लागली की ती मॅचचे मार्क लिहिते. तसं फार चुकीचं पण नाही म्हणा. मॅचचे अधिकृत आकडे, बातमी, वेबसाइट, खेळाडूंची यादी, आलेल्या पत्रकारांची सोय, सगळं हेच ऑफिस बघतं, आणि छोट्या कॉलेजात ऑफिस म्हणजे दीड माणूस. मी मास्टर्स करता करता त्यातला अर्धा माणूस होते, आणि ज्या चुका केल्या त्या बहुतेक जर्नालिझमची सवय लागली होती म्हणूनच केल्या.

सगळ्यात मोठी म्हणजे बातमी आधी आणि आकडे नंतर. पहिल्याच बास्केटबॉल मॅचला मी इंट्रो काय घ्यायचा याचा विचार करत बसले आणि तेवढ्यात एक सब्स्टिट्यूशन सुटलं. सॉफ्टवेअरला काय, त्याला कोर्टवर पाच नावं पाहिजेत, मग बेंचवर बसलेली मुलगी खेळतेय असंच ते धरून चाललं. ४० मिनिटांची मॅच, पाच जणी, बेरीज बरोब्बर २०० मिनिटं आली, मी खूश, बॉक्स स्कोर (म्हणजे प्रत्येक खेळाडूच्या आकड्यांचा तक्ता) पाठवून मोकळी. रात्री कोचचा फोन, की जिचा घोटा दुखतोय म्हणून मी तिला बसवून ठेवली ती इतकी मिनिटं खेळली कशी?

क्रिकेटचा स्कोअरर बॅटिंगची बेरीज बॉलिंगच्या बाजूशी ताडून बघतो ना, तसंच इथे चुकलेले शॉट आणि रिबाउंड (शॉट चुकल्यावर हातात आलेला बॉल) ताडून बघायचे असतात, ते करायचंच, पण ताळा जुळला म्हणजे नावं बरोबर आहेत असं होत नाही. त्यामुळे दोघांनी बसायचं, एकाने फक्त बघून बोलायचं आणि दुसऱ्याने फक्त टाइप करायचं, आणि दर टाइमआउटला स्क्रीनवरचे पाच नंबर आणि कोर्टवरचे पाच नंबर मिळवून बघायचे. घोळ सापडला तर खेळ चालू असताना मागे जाऊन दुरुस्त करत बसू नका, तोवर पुढचे तीन प्ले निघून जातात. घड्याळातली वेळ कागदावर लिहा आणि हाफटाइमला निस्तरा.

दुसरी चूक शहाणपणाची. मी अमेरिकन फुटबॉल शिकले टीव्हीवर एनएफएल, म्हणजे तिथली प्रोफेशनल लीग, बघून. तिथे क्वार्टरबॅक सॅक झाला, म्हणजे पास टाकायच्या आतच मागे पाडला गेला, की गमावलेले यार्ड पासिंगमधून जातात. कॉलेजात ते रशिंगमधून, म्हणजे बॉल घेऊन पळण्याच्या हिशोबातून, वजा होतात! हे माहीत नसताना मी चांगले बरोबर असलेले आकडे "सुधारले". खेळ तोच असला तरी एनसीएएचं (कॉलेजच्या खेळांची संस्था) स्टॅटचं मॅन्युअल वेगळं आहे, प्रत्येक खेळाचं वेगळं, सीझनच्या आधी वाचून काढा, कंटाळवाणं आहे पण वाचा.

तिसरी गंभीर. एक खेळाडू परीक्षेच्या मार्कांमुळे बाहेर बसलेला, कोचने सहज बोलता बोलता सांगितलं आणि मी मॅचच्या आधीच्या प्रिव्ह्यूत लिहून टाकलं, कारण माझ्यातल्या रिपोर्टरला ती बातमी वाटली. फेर्पा म्हणून १९७४ चा कायदा आहे, विद्यार्थ्याच्या रेकॉर्डचा. त्यात खेळाडूची उंची आणि वजन डिरेक्टरी माहितीत मोडतं, म्हणजे त्याने नको असं कळवलं नसेल तर छापता येतं, पण मार्क नाही. बॉसने वेळेत बघितलं म्हणून वाचले. "आज उपलब्ध नाही" एवढंच लिहायचं, दुखापतीचंही ट्रेनर आणि कोचला विचारल्याशिवाय एक अक्षर नाही.

बाकी किरकोळ. प्रेस रोमध्ये, म्हणजे पत्रकारांच्या रांगेत, टाळ्या वाजवायच्या नाहीत, आपलं कॉलेज असलं तरी. नावाचा उच्चार खेळाडूलाच विचारायचा आणि अनाउन्सरला लिहून द्यायचा (माझ्या आडनावाचं तिथे जे व्हायचं ते ऐकल्यावर मला हे कोणी शिकवावं लागलं नाही).

आता आपल्याकडून जाणाऱ्यांसाठी. एफ-१ म्हणजे स्टुडंट व्हिसावर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं, आणि शनिवारी एक फुटबॉल मॅच सकाळपासून संध्याकाळपर्यंत खाते, तेव्हा तास आधी मोजा आणि बॉसला स्पष्ट सांगा, लाजू नका. पुढे ओपीटीचं, म्हणजे डिग्रीनंतर तिथे नोकरी करायच्या परवानगीचं. जर्नालिझम सहसा जास्त मुदतवाल्या स्टेममध्ये (सायन्स, टेक्नॉलॉजी, इंजिनीअरिंग, मॅथ्स) धरत नाहीत, म्हणजे १२ महिनेच, आणि त्यात बिननोकरीचे दिवस ९० च्या वर गेले की संपलं. या कामातल्या बऱ्याच इंटर्नशिप ऑगस्टमध्ये चालू होतात आणि डिग्री मे महिन्यात हातात येते. ओपीटीची सुरुवात कोर्स संपल्यापासून ६० दिवसांच्या आतली कुठलीही तारीख घेता येते, मी उत्साहात पहिलीच घेतली आणि त्या ९० तले अर्ध्याहून जास्त दिवस रूमवर बसून जाळले. कोर्स मेमध्ये संपत असेल तर जुलैची तारीख टाका.