एनआयसीयूतून (नवजात बाळांच्या आयसीयूतून) बाळ घरी आलं, आता फुफ्फुसांचं काय? या चुका टाळा

माझा मुलगा गरोदरपणाच्या 29व्या आठवड्यातच झाला, आता सात वर्षांचा आहे. डिस्चार्ज मिळाला, वजन वाढायला लागलं, सुटलो एकदाचे असं आम्ही धरून चाललो, तीच पहिली चूक. फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्या पोटातल्या शेवटच्या आठवड्यांत आणि जन्मानंतर निदान दोन-तीन वर्षं बनत राहतात, म्हणजे लवकर आलेल्या बाळाचं काम अर्ध्यावरच असतं आणि व्हेंटिलेटर, ऑक्सिजन लागला असेल तर त्यानेही इजा होते. म्हणून काही मुलांना शाळेत गेल्यावरही घरघर, दम राहतो.

दुसरी चूक, बाळ लवकर झालं होतं हे नवीन डॉक्टरांना न सांगणं. आम्ही फोंड्याला राहायला आलो, तिथे दाखवलं तर अस्थमा म्हणून औषध सुरू झालं, आम्ही 29 आठवड्यांचं बोललोच नाही. दिसायला सारखंच असलं तरी अशा मुलांचा दम दरवेळी अस्थमाचा नसतो, त्यामुळे औषधाचा गुण कमी-जास्त येतो. डिस्चार्जचा कागद फाइलला ठेवा, त्यात बीपीडी (लवकर जन्मलेल्या बाळांना होणारा फुफ्फुसांचा दीर्घ आजार) लिहिलंय का बघा, आणि पाच-सहा वर्षांचं झालं की स्पायरोमेट्रीबद्दल (नळीत फुंकून करायची फुफ्फुसांची तपासणी) विचारा.

इनहेलरचा पंप स्पेसरशिवाय (पंपाला जोडायची पोकळ नळी) मारू नका, औषध तोंडातच राहतं. पंप हलवून एका वेळी एकच पफ, मग पाच-सहा श्वास. बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद तर अजिबात नको.

धुराचं मात्र मला कळकळीने सांगायचंय. बाहेर जाऊन सिगारेट ओढली तरी कपड्यांना वास येतो, कॉइल, धूप हे बाळाच्या खोलीत नकोच, मच्छरदाणी लावा. चवथीला (गणेश चतुर्थीला) घर भरलेलं असतं, कोणाला सर्दी असेल तर बाळाला घेऊ देऊ नका, वाईट वाटलं तरी चालेल. दिवाळीत नरकासुराचा पुतळा जाळायच्या रात्री खिडक्या बंद. पावसाळ्यात भिंतीला बुरशी आली की लगेच पुसा.

लसी जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या, "अजून लहान आहे" म्हणून पुढे ढकलू नका. सहा महिन्यांनंतर फ्लूचीही विचारा.

आणि पोर खेळताना मध्येच बसलं तर आळशी म्हणू नका, आमच्याकडे असं म्हटलं गेलं, अजून लागतं मनाला.

बरगड्या आत ओढल्या जातायत, नाकपुड्या फुगतायत, दूध पीत नाही, ओठ निळे पडलेत, असं दिसलं तर वाफ देत बसू नका, 108 लावा.