फँटसी-सायफाय कादंबरीने निराशा केली? आधी या चुका टाळा

डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकला ९४वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं आणि अध्यक्ष होते जयंत नारळीकर. प्रकृतीमुळे ते प्रत्यक्ष येऊ शकले नाहीत, पण त्यांच्या नावामुळे माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांनी पहिल्यांदाच विज्ञानकथा हातात घेतली. त्यातले निम्मे थोड्याच दिवसांत ‘छे, हे आपलं काम नाही’ म्हणत परत चरित्रं आणि ऐतिहासिक कादंबऱ्यांकडे वळले. अजूनही कुणी ना कुणी विचारतंच, ‘एवढं नाव आहे या पुस्तकाचं, मग मला का नाही आवडलं?’

या प्रश्नाची उत्तरं दोन. कधी पुस्तक खरंच फसलेलं असतं. तिथे वाचकाने काही करण्यासारखं नसतं, ठेवून द्यायचं. कधी पुस्तक ठीक असतं, पण आपण ते भलत्याच अपेक्षेने उघडलेलं असतं. हे दुरुस्त होतं. गडबड होते ती दोन्ही तक्रारी एकाच पोत्यात भरल्यामुळे.

मोठं नाव, म्हणून थेट कादंबरी

नारळीकरांचंच घ्या. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी पहिली विज्ञानकथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. आपलीच आद्याक्षरं उलटी करून घेतलेलं नाव. म्हणजे नावाचं वजन बाजूला ठेवून ती कथा तिच्यातल्या कल्पनेवर निवडली गेली, आणि पहिली आली. त्यांची ताकद तिथेच आहे. एक कल्पना, एक वैज्ञानिक अडचण, शेवटी एक कलाटणी. पंधरा-वीस पानांत हे झकास बसतं. कादंबरीत मात्र माणसं लागतात, आणि माझं प्रामाणिक मत असं की त्यांची माणसं बरेचदा एकमेकांना समजावून सांगण्यासाठीच खोलीत आलेली वाटतात. एक शास्त्रज्ञ विचारतो, दुसरा उत्तर देतो, तिसरा शंका काढतो. म्हणून ‘यक्षांची देणगी’सारख्या कथासंग्रहापासून सुरुवात करा. कथा आवडल्या तर कादंबऱ्यांतला संथपणा आपोआप खपवून घ्याल. उलट क्रमाने गेलात तर कथांपर्यंत पोचणारच नाही.

असाच घोळ आयझॅक असिमोव्ह यांच्या ‘फाउंडेशन’बाबत होतो. ‘नायक कुठेय?’ ही नेहमीची तक्रार. एका माणसात जीव गुंततो न गुंततो तोच प्रकरण संपतं आणि पुढच्या प्रकरणात कित्येक वर्षं उलटून गेलेली असतात. कारण सरळ आहे. १९५१ चं हे पुस्तक मुळात १९४० च्या दशकात मासिकात सुट्या आलेल्या कथांचं आहे. पहिला भाग तेवढा पुस्तकासाठी नंतर लिहिलेला. ते कादंबरी समजून वाचणं म्हणजे मिसळ मागवून पुरणपोळीची वाट बघत बसणं. एका बैठकीला एक भाग वाचा. मुंबईला जाता-येता पंचवटी एक्स्प्रेसमध्ये हे उत्तम जमतं. कसाऱ्याच्या घाटात फोनची रेंज गेली की एक भाग हमखास पुरा होतो.

आता हे कारण कळल्यावरही असिमोव्ह यांची पात्रं पुठ्ठ्याचीच वाटली तर ती तुमची चूक नाही. मलाही वाटतात. शंभर पानं बोलून बोलून संकटं सुटतात, आणि मुळातल्या पहिल्या पुस्तकात बाई शोधावी लागते.

पूर्ण संच घेऊन ठेवणं

फँटसीतली ही सगळ्यात महागडी चूक. प्रदर्शनात सूट दिसते, खोक्यातला संच छान दिसतो, आणि आपण आठ-दहा किलो कागद घरी आणतो. रॉबर्ट जॉर्डन यांच्या ‘द व्हील ऑफ टाइम’चे मुख्य खंडच १४, प्रकाशनाचा काळ १९९० ते २०१३. मध्येच २००७ मध्ये जॉर्डन वारले आणि शेवटचे तीन खंड त्यांच्या टिपणांवरून ब्रँडन सँडरसन यांनी पुरे केले. सुरुवातीचे खंड रंगतदार आहेत. पण दहावा, २००३ चा, हा माझ्या मते लोकप्रिय फँटसीतला सर्वात निष्फळ जाड ग्रंथ असावा. नवव्या खंडाच्या शेवटी एक प्रचंड घटना घडते, आणि दहाव्यात बराच काळ निरनिराळ्या ठिकाणची माणसं ‘ते काय झालं बरं?’ असं दचकून बघतात. मग चहा, पोशाख, तंबू, पुन्हा चहा.

तिथे अडकलात तर उपाय आहे. त्या खंडाचा सारांश वाचा आणि पुढच्यावर उडी मारा. अकराव्यात गाडी पुन्हा वेग घेते. यात कमीपणा मानणारे वाचक मला भेटलेत. ते अजून दहाव्यातच आहेत.

दुसरा प्रकार अपुऱ्या मालिकांचा. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’चा पाचवा खंड २०११ ला आला, सहाव्याची वाट जग अजून बघतंय. पॅट्रिक रॉथफस यांच्या त्रयीतली पहिली दोन पुस्तकं २००७ आणि २०११ ची, तिसऱ्याचा पत्ता नाही. ही पुस्तकं वाईट नाहीत, उलट लेखणी फार देखणी आहे. पण ज्यांना शेवट न कळल्यास झोप लागत नाही त्यांनी पुरी झालेलीच मालिका धरावी. आणि पहिला खंड एकटाच घ्यावा, जमल्यास वाचनालयातून. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे, तिथे इंग्रजी फँटसी हवी तेवढी नाही मिळाली तर ई-पुस्तकाची सुरुवातीची पानं फुकट वाचता येतात. दोन प्रकरणांत लेखकाची चाल कळते.

पुढचा भाग म्हणजे तेच पुन्हा, असं धरून चालणं

आर्थर सी. क्लार्क यांची ‘रॉन्देव्हू विथ रामा’ १९७३ ची. एक महाकाय परकं यान सूर्यमालेत येतं, माणसं आत जाऊन बघतात, यान निघून जातं. कुणी बनवलं, कशासाठी, काही कळत नाही, आणि तीच त्या पुस्तकाची गंमत. ह्यूगो आणि नेब्युला हे विज्ञानकथेचे दोन्ही मोठे पुरस्कार तिला मिळाले. मग १९८९ मध्ये जेंट्री ली यांच्यासोबत दुसरा भाग आला आणि त्या गूढ यानात माणसांची भांडणं, कटकारस्थानं, जुनी प्रेमप्रकरणं भरली गेली. जिथे शांततेनेच भीती वाटत होती तिथे घरगुती मालिका सुरू झाली. इथे मी वाचकाच्या बाजूने आहे. पहिला भाग वाचा आणि थांबा.

‘ड्यून’ची गोष्ट वेगळी. फ्रँक हर्बर्ट यांच्या १९६५ च्या कादंबरीवर लुब्ध झालेले वाचक १९६९ च्या ‘ड्यून मेसाया’वर चिडतात. लढाया नाहीत, नायक हताश, सगळे बंद दालनांत कुजबुजतात. पण पहिल्या पुस्तकात ज्याला आपण डोक्यावर घेतलं, त्याला डोक्यावर घेणं किती घातक होतं, हेच तर दुसऱ्यात सांगायचंय. राग येणं अपेक्षितच आहे. हे लक्षात घेऊन पुन्हा वाचलंत तर ते छोटं पुस्तक पहिल्याइतकंच धारदार वाटेल. हर्बर्ट १९८६ मध्ये गेले; स्वतः लिहिलेले भाग सहा. त्यांच्या मुलाने सहलेखकासोबत पुढे बरीच भर घातली. ती मी दोन पुस्तकांनंतर सोडली, कारण मूळ लेखक जे सूचित करून सोडून देत असे, ते तिथे पानोपानी उलगडून सांगितलंय.

विज्ञान चुकलं की पुस्तक फेकणं

प्रत्येक वाचनकट्ट्यावर एक काका असतात, आमच्याकडचे ओझरच्या एचएएल या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले. यानाचा वेग चुकला की ते पुस्तक मिटतात. त्यांना मी लॅरी निव्हन यांच्या ‘रिंगवर्ल्ड’ची हकिकत सांगते. १९७० च्या पहिल्या आवृत्तीत नायक आपला वाढदिवस लांबवण्यासाठी मध्यरात्रीच्या पुढे पळतो, पण चुकीच्या दिशेने. म्हणजे पृथ्वीच उलटी फिरायला हवी. पुढच्या छपाईत ते दुरुस्त झालं. शिवाय ज्यावरून पुस्तकाचं नाव पडलं ते एका ताऱ्याभोवतीचं अवाढव्य कडं जागेवर टिकणारच नाही, असं वाचकांनी दाखवून दिलं. १९७१ च्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात अमेरिकेतल्या एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी त्याच्या घोषणाच दिल्या. निव्हन यांनी मग पुढच्या कादंबरीत कड्याला सावरणारी इंजिनं बसवली.

काकांचं म्हणणं, ‘बघा, शेवटी दुरुस्त करावंच लागलं ना!’ बरोबर आहे. पण गणित दुरुस्त होऊ शकलं. त्याच पुस्तकातली मुख्य स्त्री-व्यक्तिरेखा केवळ नशीबवान म्हणून प्रवासात घेतलेली आहे, आणि ते कुठल्याच आवृत्तीत सुधारत नाही. मला कड्यापेक्षा हे जास्त खटकतं. काकांना अजिबात खटकत नाही.

पुराणांवरच्या फँटसीबाबत एवढंच सांगते. सीतागुंफेच्या गावात राहणाऱ्यांनी अमीश यांची पुस्तकं पोथीशी ताडून वाचू नयेत, कारण ‘मेलुहा’ (२०१०) वाचताना ‘असं कुठे लिहिलंय?’ हा प्रश्न गैरलागू आहे. ‘महादेव आजच्या कॉलेजातल्या मुलासारखा का बोलतो?’ हा प्रश्न मात्र पूर्ण लागू आहे. माझं मन तिथेच उडालं.

मग सोडायचं कधी?

पानांचा आकडा ठरवू नका. काय अडतंय ते बघा. नावं, जागा, विचित्र शब्द कळत नसतील तर थोडं थांबा. सायफायमध्ये हा गोंधळ बरेचदा मुद्दाम ठेवलेला असतो आणि पन्नास-साठ पानांत निवळतो. सगळं कळतंय, पण कुणाला काय हवंय आणि ते न मिळाल्यास काय बिघडेल हेच समजत नसेल, तर पुढच्या पाचशे पानांत ते समजण्याची शक्यता कमी. ‘तिसऱ्या खंडापासून रंगतं’ असं सांगणाऱ्याला विचारा, तिसऱ्यापासूनच सुरू केलं तर चालेल का. तो नाही म्हणाला, तर पहिले दोन खंड त्याने स्वतः कसे काढले तेही विचारा.

आणि अर्धवट सोडलेलं पुस्तक कपाटात उभं करून ठेवू नका. ज्याला ते वाचायचंय अशा कुणाला देऊन टाका, आणि वाचून झालं की शेवट काय होतो ते त्याच्याकडूनच ऐका.