वृद्धाश्रमातील ज्येष्ठांच्या औषधांचा फेरआढावा कसा घ्यावा

रक्तदाबाची गोळी एका डॉक्टरांनी लिहिलेली असते, गुडघेदुखीची दुसऱ्यांनी, झोपेची तिसऱ्यांनी, आणि वृद्धाश्रमातील कर्मचारी त्या सगळ्या वेळच्या वेळी देत राहतात. रोज पाच किंवा अधिक औषधे चालू असणे म्हणजे बहुऔषधोपचार, असे साधारणपणे मानले जाते. ती सगळीच औषधे आवश्यक असू शकतात. काळजीची बाब ही, की अमुक गोळी आज कशासाठी चालू आहे हे पुष्कळदा कोणालाच सांगता येत नाही. अमेरिकेत नर्सिंग होममधील प्रत्येक रहिवाशाची औषधे फार्मासिस्टने दरमहा तपासणे नियमाने बंधनकारक आहे. आपल्याकडे मात्र यासाठी बहुधा कुटुंबीयांनाच पुढाकार घ्यावा लागतो.

सुरुवात यादीपासून करावी, पण ती जुन्या चिठ्ठ्यांवरून न करता प्रत्यक्ष घेतल्या जाणाऱ्या औषधांवरून करावी. डोळ्यांचे थेंब, मलम, चूर्ण, काढे आणि दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्याही तीत याव्यात. ज्येष्ठमधाच्या दीर्घ सेवनानेसुद्धा रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटते. पाकिटावरील ब्रँडच्या नावासोबत मूळ घटकाचे नाव लिहावे, कारण सर्दीच्या आणि अंगदुखीच्या अशा दोन निराळ्या गोळ्यांतून पॅरासिटामॉल दुप्पट जात असल्याचे तेव्हाच ध्यानात येते.

नंतर प्रत्येक नावापुढे कारण, सुरू केल्याची तारीख आणि डॉक्टरांचे नाव लिहावे. रुग्णालयात थोड्या दिवसांसाठी दिलेली पँटोप्राझोलसारखी आम्लपित्ताची गोळी पुढे वर्षानुवर्षे चालू राहते, ती बहुधा इथेच सापडते.

सर्वांत बारकाईने पाहावी ती औषधांची साखळी. अ‍ॅम्लोडिपिन या रक्तदाबाच्या गोळीमुळे काहींच्या पायांना सूज येते. ती नवा आजार समजून लघवी वाढवणारी गोळी दिली जाते. त्यातून रात्री वारंवार उठावे लागते, पोटॅशियम कमी होते, त्यासाठी आणखी एक औषध येते, आणि अंधारात स्वच्छतागृहाकडे जाताना पडण्याचा धोका वाढतो. डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकाने रक्तदाब चढला, की रक्तदाबाची गोळी वाढवली जाते, तेही याच प्रकारचे. म्हणून कोणतीही नवी तक्रार सुरू झाली, की त्याआधी कोणते औषध सुरू झाले किंवा कोणाची मात्रा वाढली, हे तारखांवरून पडताळावे.

वृद्धांसाठी काही औषधे विशेष जोखमीची असतात. अमेरिकेतील मार्क बियर्स यांनी 1991 मध्ये अशा औषधांचे निकष प्रसिद्ध केले, तेच मुळी नर्सिंग होममधील रहिवाशांसाठी होते. झोपेसाठी अल्प्राझोलाम, सर्दीसाठी क्लोरफेनिरामिन, मधुमेहासाठी ग्लिबेनक्लामाइड ही नावे यादीत दिसल्यास डॉक्टरांना आवर्जून विचारावे. ग्लिबेनक्लामाइडने साखर फार खाली जाऊन ती बराच वेळ तशीच राहू शकते, विशेषतः जेवण कमी झाले असेल किंवा मूत्रपिंडे मंदावली असतील तर.

डॉक्टरांच्या भेटीपूर्वी कर्मचाऱ्यांना आडवे असताना आणि उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत रक्तदाब मोजून ठेवण्यास सांगावे. वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 ने उतरत असेल तर ते महत्त्वाचे आहे. पडणे, गुंगी, गोंधळलेपण, बद्धकोष्ठता यांच्या नोंदी आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारी रक्ततपासणी), सोडियम, पोटॅशियम यांचे अलीकडचे अहवालही बरोबर न्यावेत. गिळता येत नाही म्हणून गोळ्या कुटून देत असतील, तर तेही अवश्य सांगावे, कारण हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटल्यास पूर्ण मात्रा एकदम शरीरात जाते.

हे सारे एकाच डॉक्टरांपुढे, शक्यतो वृद्धरोगतज्ज्ञांपुढे ठेवावे. कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नये. अल्प्राझोलाम किंवा रक्तदाब-हृदयविकारासाठीचे मेटोप्रोलॉल एकाएकी थांबवणे धोक्याचे असते. साधारणपणे एका वेळी एकच औषध कमी करून परिणाम पाहिला जातो, म्हणून कशावर लक्ष ठेवायचे आणि पुन्हा केव्हा यायचे, हे लिहून घ्यावे. बदललेली यादी त्याच दिवशी वृद्धाश्रमाच्या नोंदवहीत लिहिली गेली ना, आणि बंद केलेल्या गोळ्यांची पाकिटे कपाटातून काढली गेली ना, हे स्वतः पाहावे.