जुनी ग्रीटिंग कार्डं: कुठली जपायची, कुठली कापायची

दिवाळीची साफसफाई निघाली की माळ्यावरून बुटांचा एक खोका हमखास खाली येतो. आत दिवाळीची ग्रीटिंग्ज, न्यू इयरची, राखीसोबत आलेली, संक्रांतीची ती छोटी भेटकार्डं आणि कुणाकुणाच्या लग्नपत्रिका. टाकवत नाहीत, ठेवून करायचं काय तेही कळत नाही, म्हणून खोका परत वर जातो, मग पावसाळ्यात स्लॅबची ओल लागते आणि पुढच्या दिवाळीला अर्धी कार्डं एकमेकांना चिकटलेली निघतात. आमच्याकडे असंच झालं आणि त्यात मावशीची सगळी कार्डं गेली. तेव्हापासून मी हे काम दरवर्षी मन लावून करते, कसं ते सांगते.

पहिल्या दिवशी कात्री हातात घ्यायचीच नाही. चहा घेऊन बसा आणि प्रत्येक कार्ड उघडून वाचा, मागची बाजूसुद्धा. माझा नियम एकच आहे, हाताने लिहिलेलं जपायचं आणि छापलेलं कापायचं. गुलाबाचं चित्र तर तसल्याच हजारो कार्डांवर होतं, पण माझ्या आजोबांनी १९९१ च्या दिवाळीला कार्डाच्या आत 'अनेक उत्तम आशीर्वाद' लिहून खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलंय, "भात बरं पिकलंय, कापणी झाली की दोन पायली आंबेमोहोर पाठवतो." शाईपेनाची निळी शाई, 'पायली'वर पेन थोडं अडखळलंय. हे कार्ड मी न वाचता कापलं असतं तर काय, असं अजून मनात येतं.

तर वाचता वाचता तीन गठ्ठे करा. मजकूर लिहिलेली अख्खी ठेवायची. नुसती सही असलेली घडीवर कापायची, चित्राचा भाग कामाला आणि सहीचा भाग जपायला, म्हणजे जागाही कमी लागते (पण चित्राच्या पाठीवर कुणी दोन ओळी लिहिल्यात का ते आधी बघा, डाव्या पानावर लिहायची बऱ्याच जणांना सवय असते). उरलेली कोरी कार्डं आणि पत्रिका सरळ तिसऱ्या गठ्ठ्यात. घरातल्या लग्नांची एकेक पत्रिका मात्र बाजूला काढा, त्यात आजोबा-पणजोबांची नावं, मूळ गाव सगळं एका जागी मिळतं, पुढे कुणी वंशावळ करायला घेतली की हीच उपयोगी पडते.

आता जपायच्या कार्डांबद्दल. रबरबँड काढा, तो वितळून कागदाला चिकटतो. यू-पिना, टाचण्या, स्टेपल काढा, गंजाचा डाग परत निघत नाही. फाटलेलं सेलोटेपने चिकटवू नका, टेप पिवळी पडते आणि तिचा गोंद कागदात उतरतो. गाणं वाजणारं कार्ड असेल तर आतला बटण सेल आधी काढा, तो कधी ना कधी गळतोच, आणि घरात लहान मूल असेल तर तो सेल लगेच त्याच्या हाताला लागणार नाही असा ठेवा, गिळला तर फार धोक्याचं असतं. संक्रांतीच्या भेटकार्डांसोबत पाकिटातून चिमूटभर हलवा किंवा तिळगूळ यायचा, आठवतंय? त्याचे दाणे पाकिटाच्या कोपऱ्यात अजून अडकलेले असतात आणि मुंग्या तिथूनच शिरतात, पाकीट उलटं करून नीट झटका.

आणि लॅमिनेशन करू नका, प्लीज. मी आत्याचं एक कार्ड हौसेने एका दुकानातून करून आणलं, आत फुगे आले आणि आता ते प्लास्टिक कार्ड फाडल्याशिवाय निघणारच नाही.

दमट वास येत असेल तर ऑक्टोबर हीटमध्येच दोन-तीन दिवस कार्डं उघडी करून पंख्याखाली सावलीत पसरा, उन्हात नको, रंग उडतो. कोरडी बुरशी दिसली तर तोंडाला मास्क लावून गॅलरीत मऊ ब्रशने हलकेच झाडा, ओल्या फडक्याने पुसलं तर ती आणखी पसरते. कसर लागलेली वाटली तर कार्डं पूर्ण कोरडी करून झिप पिशवीत, हवा काढून, दोन आठवडे फ्रीजरमध्ये ठेवा, बाहेर काढल्यावर मात्र एक दिवस पिशवी उघडायची नाही, नाहीतर कार्डांवरच पाणी सुटतं.

ठेवायला पुठ्ठ्याचा किंवा पत्र्याचा कोरडा डबा, आत धुतलेलं जुनं सुती कापड आणि नव्या बुटांसोबत येतात त्या सिलिका जेलच्या दोन पुड्या. कापडाला खळ नको, कसरीला पिठूळ पदार्थ फार आवडतात. चकाकीवाल्या कार्डांच्या मध्ये साधा पांढरा कागद घाला. मागे मऊ पेन्सिलने कुणाकडून आणि कुठलं साल एवढं लिहा, बॉलपेनने नको, त्याचा वळ पुढच्या बाजूला उमटतो. डबा माळ्यावर नको, बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात पण नको, खोलीतल्या कपाटाचा मधला कप्पा सगळ्यात चांगला. शिवाय एकदा खिडकीजवळच्या उजेडात फ्लॅश बंद करून फोटो काढून ठेवा, स्कॅनर असेल तर ३०० डीपीआय पुरतं, आणि फॅमिली ग्रुपवर टाका, आमच्याकडे आजोबांच्या कार्डाखाली चुलतभावांनी गावच्या कितीतरी आठवणी लिहिल्या.

आता कापायचा गठ्ठा. सगळ्यात उपयोगाची वस्तू म्हणजे छोटा बॉक्स. ५ बाय ७ इंची कार्डाचे घडीवर दोन भाग करा. चित्राच्या भागावर मागून चारही बाजूंना १ इंचावर रेघा मारा, रेघ संपलेल्या रिफिलने दाबून ओढा म्हणजे घडी सरळ बसते. लांब बाजूंच्या रेघांवर दोन्ही टोकांकडून १-१ इंच कापा, कडा वर करा, कोपऱ्यातले तुकडे आत वळवून फेव्हिकॉलने चिकटवा. हे झालं झाकण. तळाचा तुकडा मात्र लांबी-रुंदीत २-३ मिलिमीटर कमी घ्यायचा, नाहीतर झाकण बसतच नाही. हळदीकुंकवाचं वाण, कानातली, चांदीचं नाणं यात मस्त जातं. खाऊ द्यायचा असेल तर आधी बटर पेपरमध्ये गुंडाळा, छपाईची शाई खाण्याला लागू देऊ नका.

दुसरं म्हणजे कंदिलाचा गोळा, मुलांना सोबत घेऊन करण्यासारखा. वाटी ठेवून २० गोल कापा. प्रत्येकाच्या मागच्या बाजूला, गोलाच्या कडेवर, कंपासने त्रिज्येएवढ्या (गोलाच्या रुंदीच्या निम्म्या) अंतरावर सहा खुणा करा, एक सोडून एक जोडल्या की समभुज त्रिकोण मिळतो, त्याच्या तिन्ही बाजू बाहेरच्या अंगाला दुमडा. त्या दुमडलेल्या पाळ्या एकमेकींना चिकटवत पाच त्रिकोणांची एक टोपी करायची, पाचांची दुसरी, आणि उरलेल्या दहांचा एक सुलटा एक उलटा असा पट्टा करून त्याची टोकं जोडायची. मग पट्ट्याच्या वर एक टोपी आणि खाली दुसरी बसवली की गोळा तयार. वरची टोपी चिकटवण्याआधी दोरा ओवून घ्या, नंतर जमत नाही. आत दिवा लावायचा मोह होतो पण पणती आणि साधा बल्ब अजिबात नको, बाहेरून एलईडीची माळ सोडली तरी छान दिसतं.

बारक्या तुकड्यांचे भेटवस्तूंचे टॅग आणि पुस्तकातल्या खुणा होतात. पत्रिकांवरचे गणपती कचऱ्यात टाकायला कुणाचाच हात धजत नाही, ते कापून आहेराच्या पाकिटांवर लावा.

एवढं करून उरेल ते रद्दीत द्या, फक्त चकाकी, फॉइल, प्लास्टिकचा थर असलेली कार्डं वेगळी काढा, त्यांचा परत कागद होत नाही. माझी तीन खोकी होती, आता एक पत्र्याचा डबा आहे, आणि आजोबांचं कार्ड त्यात सगळ्यात वर ठेवलंय.