दवाखान्यात मोफत खाटा ठेवायच्या असतील तर

नवीन नेत्रतज्ज्ञ भेटायला येतात. म्हणतात, "सर, एकदा बस्तान बसलं की गरिबांसाठी काहीतरी करायचंय." बस्तान बसायची वाट बघाल तर ते राहूनच जाईल. मोफत खाटा इमारतीच्या पहिल्या नकाशातच काढा.

हा धडा मदुराईच्या डॉ. गोविंदप्पा व्यंकटस्वामींचा. १९७६ साली, अठ्ठावन्नाव्या वर्षी सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर घर गहाण टाकून, भावाबहिणींना हाताशी धरून त्यांनी अरविंद नेत्र रुग्णालय काढलं. खाटा ११. बोटं तरुणपणीच संधिवाताने वाकडी झालेली, तरी त्याच हातांनी त्यांनी लाखभर शस्त्रक्रिया केल्या.

आधी दर ठरवा. पिवळं रेशनकार्ड मागत बसू नका. मोफत वॉर्ड की स्वतंत्र खोली, हे पेशंटलाच ठरवू द्या. सधन माणूस सहसा खोलीच मागतो. फरक खोलीत, एसीत, डोळ्यात बसवायच्या घडीच्या (दुमडता येणाऱ्या) लेन्समध्ये असू द्या. सर्जन, मायक्रोस्कोप, ऑपरेशन थिएटर (ओटी) मात्र एकच. अरविंदमध्ये मोफतवाल्यांना चटई देतात. माझ्या मनाला ते पटलं नाही, मी खाट देतो. मी तीन पैसेवाल्यांमागे एक मोफत, अशी सुरुवात केली होती.

मग सर्जनचा वेळ वाचवा, कारण दवाखान्यात सगळ्यात महाग तोच. ओटीत दोन टेबलं लावा. एकावर मोतीबिंदू निघतोय तोवर दुसऱ्यावरचा पेशंट सिस्टरने तयार ठेवायचा. त्यासाठी गावातल्या बारावी झालेल्या मुली घ्या आणि शिकवा. अरविंदने हेच केलं. हत्यारांचे सेट मात्र भरपूर हवेत. एकाचा सेट ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक) न करता दुसऱ्याला वापरायची वेळ आली, तर त्या दिवशी ऑपरेशनं थांबवा.

लेन्स देशी घ्या. बाहेरची लेन्स गरिबाला परवडेना म्हणून १९९२ साली मदुराईतच अरविंदची लेन्स बनवणारी ऑरोलॅब निघाली आणि लेन्सचे भाव कोसळले.

आता शिबिर. इथे मी तोंडावर आपटलो. पहिल्या शिबिरात बेचाळीस जणांची नावं लिहून घेतली, "सोमवारी या" म्हणालो. आले सात. ऑपरेशन फुकट होतं हो, पण एसटीचं भाडं, सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी आणि दोन दिवसांचं जेवण फुकट नव्हतं! तेव्हा तपासणी झाली की त्याच संध्याकाळी पेशंटला गाडीत घालून आणा. गाडी आणि जेवणाचा खर्च गावातली पतसंस्था किंवा गणेश मंडळ आनंदाने उचलतं, फक्त मागायला लाजू नका. गावात फक्त तपासणी करायची: बीपी, शुगर, डोळ्यातून पू येतोय का. शाळेत किंवा मंदिराच्या सभामंडपात ऑपरेशन कधीही करू नका.

तारीख सांभाळा. आमच्या बीडकडे दिवाळीच्या आगेमागे निम्मं गाव ऊसतोडीला जातं आणि म्हातारी माणसं नातवंडं राखत मागे राहतात. त्यांना सोडून आजी ऑपरेशनला येईल कशी? आम्ही पोळ्यानंतर, दसऱ्याच्या आत उरकतो. "उन्हाळ्यात डोळा कापू नये" हा समज अजून आहे. भांडू नका, आधी ऑपरेशन झालेली एखादी मावशी शिबिरात नेऊन बसवा.

पट्टी दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः काढा. साधारण महिन्याने त्याच गावात पुन्हा जा, जाताना चष्म्यांचं खोकं घेऊन जा. लांबचा तक्ता वाचून झाला की आजोबा पोथी पुढे करतात. बाया अक्षरांकडे बघत नाहीत, सुईत दोरा ओवून बघतात. म्हणून खोक्यात सुईदोरा ठेवा, आणि दोरा काळाच घ्या.