फ्रेंच व्याकरण कसं शिकावं? आधी तुमचं कुठे अडणार ते ओळखा

फ्रेंचचं व्याकरण अवघड आहे, असं सरसकट म्हणून चालत नाही. घरात फ्रेंच ऐकत वाढलेल्या मुलाला नामांची लिंगं पाठ करावी लागत नाहीत, पण तेच मूल शाळेत गेलं की शुद्धलेखनात अडखळतं. मोठेपणी शिकणाऱ्याचं नेमकं उलट. तो क्रियापदांचे तक्ते बिनचूक लिहितो आणि बोलताना नामाआधी 'ल' (पुल्लिंगी) लावायचं की 'ला' (स्त्रीलिंगी), इथेच थबकतो. दोघांना एकच पुस्तक देऊन भागणार नाही.

१. आपला गट ठरवा

'मी डोळ्यांनी शिकतो, ती कानांनी' ही वर्गवारी बाजूला ठेवा. तसं शिकवल्याने जास्त येतं, याला भक्कम पुरावा नाही. विचारायचे प्रश्न वेगळे आहेत: सुरुवात कोणत्या वयात झाली, फ्रेंच आधी कानावर पडली की पुस्तकातून आली, आणि त्याआधी कोणत्या भाषा पक्क्या होत्या.

मातृभाषा म्हणून फ्रेंच शिकणारं दोन वर्षांचं मूल पाहा. 'मांजे' म्हणजे खाणे, 'पा' म्हणजे नाही. क्रियापद कर्त्याप्रमाणे चालवलेलं असेल तर ते 'मांज पा' म्हणतं आणि मूळ रूपात असेल तर 'पा मांजे'. नकाराची जागा त्याला कुणी शिकवलेली नसते, तरी ती चुकत नाही. पण 'त्याला', 'तिला' अशा अर्थाची कर्माची छोटी सर्वनामं तेच मूल तिसऱ्या वर्षानंतरही गाळत राहतं. तेव्हा ही सर्वनामं तुम्हाला छळत असतील तर वयाला दोष देऊ नका, ती सगळ्यांनाच उशिरा येतात.

२. फक्त ऐकून येईल, या भरवशावर राहू नका

१९६५ साली कॅनडात, माँट्रियलजवळच्या सेंट-लँबर्टमध्ये, इंग्रजी घरातल्या मुलांना बालवर्गापासूनच फ्रेंचमधून शिकवायला सुरुवात झाली. पुढे तिथे असे वर्ग पसरले. मुलांना फ्रेंच जवळजवळ फ्रेंच भाषकांइतकी समजू लागली, पण वर्षानुवर्षं ऐकूनही बोलताना लिंगाच्या आणि क्रियापदांच्या चुका टिकून राहिल्या. यावरूनच मेरिल स्वेन या संशोधिकेने १९८५मध्ये मांडलं की ऐकण्यासोबत स्वतः वाक्यं घडवावी लागतात. माझं मतही हेच आहे: रोज बोला किंवा लिहा, आणि चूक लगेच दाखवणारं कुणीतरी सोबत असू द्या.

३. नामाचा शेवट ऐका

नाम एकटं पाठ करू नका, 'ल' किंवा 'ला' लावूनच म्हणा. मग शेवटाकडे कान द्या. 'स्यों'ने संपणारी नामं (नास्यों, स्तास्यों) बहुतेक स्त्रीलिंगी असतात, 'एत'ने संपणारीही (बिसिक्लेत, फूर्शेत). 'आज'ने संपणारी (व्वायाज, विलाज) बहुधा पुल्लिंगी, अपवाद पाज, प्लाज, इमाज, काज. मराठीतल्या लिंगावरून अंदाज बांधू नका. आपला चंद्र पुल्लिंगी, त्यांची 'ल्यून' स्त्रीलिंगी.

४. मराठीतून थेट फ्रेंचकडे जा

आपल्यापैकी बरेच जण फ्रेंच इंग्रजीतून शिकतात आणि हातातला फायदा घालवतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. 'मी त्याला बघतो' या वाक्यात कर्म क्रियापदाच्या आधी येतं. फ्रेंचमध्येही 'ज ल व्वा' असाच क्रम आहे. इंग्रजीच्या सवयीने शिकणारा 'ज व्वा ल' म्हणून बसतो.

भूतकाळात तर साम्य आणखी जवळचं आहे. 'ती गेली' म्हणताना क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलतं. फ्रेंचमध्येही जाणे, येणे, जन्मणे, मरणे अशा थोड्या क्रियापदांना 'एत्र' (असणे) हे साहाय्यक लागतं आणि रूप कर्त्याप्रमाणे चालतं. (सगळी अकर्मक क्रियापदं यात नाहीत. चालणे हे 'आव्वार' (जवळ असणे) हे साहाय्यक घेतं.) आता 'मी लेख लिहिला, चिठ्ठी लिहिली, पत्र लिहिलं' बघा. इथे क्रियापद कर्माकडे पाहतं. फ्रेंचमध्ये कर्म आधी आलं तरच असं होतं. 'जे एक्री ला लेत्र' म्हणजे मी चिठ्ठी लिहिली, इथे बदल नाही. पण 'मी लिहिलेली चिठ्ठी' म्हणायचं तर 'ला लेत्र क जे एक्रीत', आणि शेवटचा 'त' स्पष्ट ऐकू येतो. ज्या नियमापाशी इंग्रजी भाषक गोंधळतात, तो आपल्या जिभेला निम्मा ओळखीचा आहे. फक्त 'कर्म आधी' ही अट लक्षात ठेवायची.

५. कानाने शिकलात तर लेखणी हातात घ्या

बोलता येतं पण लिहिता येत नाही, अशांची अडचण उच्चारातच आहे. 'मांजे' हा एकच आवाज तीन रूपांचा असतो: मूळ रूप (खाणे), भूतकाळवाचक धातुसाधित (खाल्लेलं) आणि 'तुम्ही खाता'. फ्रान्समधल्या शाळकरी मुलांनाही हे गोंधळात टाकतं. त्यावर त्यांची युक्ती अशी: त्या जागी 'विकणे'चं रूप ठेवून बघायचं. 'ज व्हे मांजे' (मी खाणार आहे) याच्या जागी 'ज व्हे वांद्र' बसतं, म्हणून मूळ रूप लिहायचं. 'जे मांजे' (मी खाल्लं) याच्या जागी 'जे वांद्यू' बसतं, म्हणून धातुसाधित. आपण लिहिलेल्या एका परिच्छेदात अशा प्रत्येक शब्दावर हे करून पाहा.

६. स्पॅनिश किंवा इटालियन येत असेल तर

लिंगाची कल्पना आणि क्रियापदांचे काळ ओळखीचे निघतील. मात्र त्या भाषांत कर्ता गाळता येतो, फ्रेंचमध्ये 'ज' (मी), 'त्यु' (तू), 'इल' (तो) म्हणावंच लागतं. आणि समुद्र इटालियनमध्ये पुल्लिंगी असला तरी फ्रेंचमध्ये तो 'ला मेर' आहे, म्हणून लिंग दर वेळी नव्याने तपासा.