अपग्रेड फसलं, कॉम्प्युटर सुरू होईना? या चुका टाळा

अपग्रेड मध्येच फसलं आणि कॉम्प्युटर सुरू होईनासा झाला की आतलं सगळं गेलं असं वाटतं. बहुतेक वेळा तसं नसतं. बिघडलेला असतो तो सिस्टीम सुरू होण्याचा टप्पा; फोटो, कागदपत्रं, हिशेबाच्या फायली जागच्या जागी असतात. त्या जातात ते नंतर घाबरून केलेल्या उपायांमुळे. म्हणून डिस्कवर नवं काही लिहिलं जाईल असा कोणताही उपाय करण्याआधी फायली सुरक्षित आहेत का, हे बघा.

घाईने पॉवर बटण दाबणं

विंडोजच्या अपग्रेडमध्ये कॉम्प्युटर आपणहून अनेकदा रीस्टार्ट होतो आणि टक्केवारी एकाच आकड्यावर बराच वेळ अडून राहते. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर काम चालू आहे, त्याला करू द्या. लॅपटॉप चार्जरला लावलेलाच असू द्या. स्क्रीन काळी असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबून बघा. यामुळे ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे स्क्रीनवर चित्र दाखवणारा प्रोग्रॅम, पुन्हा सुरू होतो. कधीकधी सिस्टीम व्यवस्थित चालू असते, फक्त दिसत नसते.

थेट फॉरमॅट करणं

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, आणि ते बहुतेक वेळा टाळता येण्यासारखं असतं. सुरू होताना सलग दोन-तीनदा अपयश आलं की विंडोज स्वतःच रिकव्हरीचा निळा स्क्रीन दाखवतं. तिथे ‘ट्रबलशूट’मधून ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जा. ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’मध्ये शेवटचं फीचर अपडेट काढण्याची सोय असते, मोठं अपग्रेड फसलं असेल तर ती आधी वापरायची. जुनी सिस्टीम ‘विंडोज डॉट ओल्ड’ या फोल्डरमध्ये साधारण 10 दिवस ठेवलेली असते. ती असेपर्यंतच मागे जाता येतं, त्यामुळे हे काम पुढच्या आठवड्यावर ढकलू नका.

‘रिसेट धिस पीसी’ मात्र वेगळी गोष्ट आहे. त्यात ‘कीप माय फाइल्स’ निवडलं तरी तुम्ही टाकलेले प्रोग्रॅम उडतात. इन्स्टॉलेशनच्या पेनड्राइव्हवरून बूट केल्यावर, म्हणजे कॉम्प्युटर त्यावरून सुरू केल्यावर, तर प्रोग्रॅम आणि सेटिंग्ज ठेवून अपग्रेड करता येतच नाही. तिथे ‘इन्स्टॉल’कडे न वळता रिपेअरचा पर्याय शोधा.

बॅकअप नसेल, तर यातलं काहीही करण्याआधी फायली बाहेर काढा. दुसऱ्या कॉम्प्युटरवर उबुंटूचा (ही एक लिनक्स सिस्टीम) लाइव्ह पेनड्राइव्ह बनवा, म्हणजे काही इन्स्टॉल न करता ती थेट चालवता येते, त्यावरून बूट करा आणि ‘ट्राय’ निवडा. डिस्क उघडून हवं ते बाहेरच्या ड्राइव्हवर कॉपी करा. विंडोज नीट बंद न झाल्यामुळे डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडली, तरी कॉपीसाठी तेवढं पुरेसं आहे.

बिटलॉकरची की जवळ नसताना बायॉस बदलणं

नव्या लॅपटॉपवर बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारं विंडोजचं एन्क्रिप्शन, बऱ्याचदा मालकाच्या नकळत चालू असतं. बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी कॉम्प्युटरची मूळ सेटिंग्ज) सिक्युअर बूट ही सुरक्षा बंद केली किंवा बूटची सेटिंग्ज बदलली की 48 अंकी रिकव्हरी की मागितली जाते. अनेकांची ही की मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. फोनवरून लॉगिन करून ती आधीच कागदावर उतरवून घ्या. ती कुठेच साठवलेली नसेल तर तो डेटा परत मिळवणं जवळपास अशक्य आहे, मग कुणी काहीही आश्वासन देवो.

बायॉसमध्ये ‘करून बघू’ म्हणून सुरू होण्याची पद्धत यूईएफआयवरून लेगसी किंवा डिस्कची पद्धत एएचसीआयवरून रेड (RAID) करू नका. मूळ बिघाड बाजूला राहतो आणि नवा तयार होतो. काही बदलायचंच असेल तर आधीच्या सेटिंगचा फोटो काढून ठेवा.

डिस्कच आजारी आहे हे न ओळखणं

अपग्रेडमध्ये डिस्कवर प्रचंड लिहिणं-वाचणं होतं, त्यामुळे आधीच थकलेली डिस्क नेमकी तेव्हा मान टाकते. टकटक आवाज येत असेल किंवा फायली उघडताना सारखं अडत असेल तर चेकडिस्क (डिस्क तपासणारं विंडोजचं साधन) चालवत बसू नका. त्या तपासणीने डिस्कवर आणखी ताण येतो. जमेल तेवढं कॉपी करा. डेटा मोलाचा असेल तर कॉम्प्युटर बंद करून डेटा रिकव्हरीच्या जाणकाराकडे द्या.

लिनक्सवाल्यांसाठी

उबुंटू, डेबियनवर बहुधा जुना कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, अजून शिल्लक असतो. सुरू होताना शिफ्ट दाबून ठेवा, यूईएफआय असेल तर एस्केप दाबा, आणि ग्रब मेनूच्या (सुरू होताना सिस्टीम निवडण्याची यादी) ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून तो निवडा. आत गेल्यावर बूट विभाजन, म्हणजे डिस्कवरचा कर्नल ठेवायचा भाग, भरलं आहे का ते बघा. हे नेहमीचं कारण आहे. जागा करायची म्हणून तिथल्या फायली हाताने उडवू नका, जुने कर्नल पॅकेज मॅनेजरकडूनच काढा. मग अर्धवट राहिलेली पॅकेजं पूर्ण करून घ्या आणि त्यानंतरच रीस्टार्ट करा.

सुरू झाल्या झाल्या पुन्हा अपग्रेड

ज्या कारणाने पहिलं फसलं ते अजून तिथेच असतं. डिस्कवर जागा मोकळी करा, बाहेरची उपकरणं काढा, दुसऱ्या कंपनीचा अँटीव्हायरस तात्पुरता काढून टाका, ड्रायव्हर अद्ययावत करा. पूर्ण बॅकअप घेऊन त्यातली एखादी फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा, मगच पुन्हा अपग्रेडला हात घाला.